कर्नाटकातील फ्रेंच–इंग्रज झुंज : डुप्ले नेमका कुठे हरला?

जुने_दप्तर (धागालेखक)

फ्रेंच आणि इंग्रज यांच्या हिंदुस्थानातील चुरशीविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते, त्यात दोन प्रसंग हटकून येतात. एक म्हणजे १७५१ मध्ये रॉबर्ट क्लाइव्हने लढवलेला अर्काटचा किल्ला आणि दुसरा म्हणजे १७५४ मध्ये फ्रेंच कंपनीने पाँडिचेरीचा आपला गव्हर्नर डुप्ले याला माघारी बोलावणे. क्लाइव्ह धाडसी निघाला म्हणून इंग्रज जिंकले आणि पॅरिसमधले कारभारी नादान निघाले म्हणून फ्रेंच हरले, असा त्या सांगण्याचा एकंदर रोख असतो. मला हे दोन्ही अपुरे वाटते. या झुंजीत खरी परीक्षा झाली ती शिपायांचा पगार दर महिन्याला कोण चुकता करू शकतो याची, आणि त्या परीक्षेत डुप्ले अर्काटच्या आधीच नापास होऊ लागला होता, असे माझे मत आहे. ते मांडून जाणकारांकडून तपासून घ्यावे, यासाठी हा धागा.

इंग्रज कंपनी १६०० सालची, फ्रेंच कंपनी १६६४ सालची. अंतर केवळ वयाचे नव्हते. फ्रेंच कंपनी कोल्बेर या मंत्र्याने राजाच्या आश्रयाने उभी केली होती. पुढच्या काळातही तिच्या संचालकांवर सरकारचाच हात राहिला, भागधारकांना कारभारात कोणी फारसे विचारीत नसे आणि तिच्या उत्पन्नाचा मोठा भाग हिंदी व्यापारातून नव्हे, तर मायदेशातील तंबाखूच्या मक्त्यातून येत असे. इंग्रज कंपनी लंडनच्या व्यापाऱ्यांची होती. ती सरकारकडे हात पसरण्याऐवजी सरकारलाच कर्ज देत असे आणि तिच्या रोख्यांवर लंडनमध्ये माफक व्याजाने पैसा उभा राहत असे.

१७४० नंतर युरोपात ऑस्ट्रियाच्या वारसाहक्काचे युद्ध पेटले आणि त्याची झळ कोरोमंडलच्या किनाऱ्याला लागली. सप्टेंबर १७४६ मध्ये मॉरिशसहून आरमार घेऊन आलेल्या ला बूर्दोनेने मद्रास जिंकले. मद्रास आपल्या हवाली होईल, या भरवशावर असलेला कर्नाटकचा, म्हणजे अर्काटभोवतीच्या तमिळ मुलखाचा, नबाब अन्वरुद्दीन संतापला आणि त्याचा मुलगा महफूजखान सुमारे १०,००० फौज घेऊन अड्यार नदीच्या काठी उभा राहिला. समोर पॅरादी नावाच्या कप्तानाकडे गोरे आणि हिंदी शिपाई मिळून एक हजारही माणसे नव्हती. त्यांनी नदी उतरून रांगेने गोळीबार केला, संगिनी लावून चाल केली आणि नबाबाची फौज फुटली. कवायती पायदळापुढे हिंदुस्थानी घोडदळाचा टिकाव लागत नाही, ही गोष्ट त्या दिवशी सर्वांना दिसली. पण त्यातून पैसा कसा करता येईल, हे प्रथम डुप्लेला सुचले.

त्याची युक्ती अशी होती. १७४८ मध्ये निजामुल्मुल्क वारला आणि दख्खनच्या सुभ्यावर नासिरजंग व मुजफ्फरजंग असे दोन दावेदार निघाले. तिकडे कर्नाटकात मराठ्यांच्या कैदेतून सुटलेला चंदासाहेब अन्वरुद्दीनच्या जागेवर हक्क सांगू लागला. डुप्लेने मुजफ्फरजंग आणि चंदासाहेब यांना फौज पुरवली. फौजेचा खर्च त्यांनी सोसायचा आणि मोबदल्यात फ्रेंच कंपनीला मुलूख व महसूल तोडून द्यायचा. ऑगस्ट १७४९ मध्ये अंबूरच्या लढाईत अन्वरुद्दीन पडला, डिसेंबर १७५० मध्ये जिंजीजवळ नासिरजंगाचा त्याच्याच पक्षातील फितुरांनी बळी घेतला आणि १७५१ च्या आरंभी पाँडिचेरीच्या गव्हर्नराइतका वजनदार परकीय माणूस दक्षिणेत दुसरा नव्हता.

गोची झाली ती इथे. ज्या मुलखाचा महसूल फ्रेंचांना लिहून मिळाला होता, त्याच मुलखात लढाया चालू होत्या. उभ्या पिकांतून फौजा जात होत्या, गावे ओस पडत होती, पाळेगार कोणालाच काही देत नव्हते आणि अन्वरुद्दीनचा दुसरा मुलगा महंमद अली त्रिचनापल्लीच्या खडकावर ठाण मांडून बसला होता. तो पडत नाही तोवर चंदासाहेब नावाचाच नबाब. कागदावर लाखोंचा महसूल आणि हातात रोकड नाही, अशी ती अवस्था होती. डुप्लेने व्यापारासाठी आलेले भांडवल युद्धाकडे वळवले, स्वतःचीही मोठी रक्कम घातली, कर्ज काढले. आणंद रंग पिळ्ळै हा त्याचा दुभाषी १७३६ पासून तमिळमध्ये रोजनिशी लिहीत होता. दरबारी मानापमानाइतकीच नजराण्यांची, मक्त्यांची आणि येण्या-देण्याची चर्चा तीत पानोपानी आहे, आणि ती वाचताना पाँडिचेरीचा गव्हर्नर पैशाच्या चिंतेत किती बुडालेला होता, हे ध्यानात येते.

इंग्रजांनी हीच युक्ती उचलली, पण तिचा हिशेब वेगळा ठेवला. महंमद अलीसाठी केलेला खर्च त्यांनी त्याच्या नावे कर्ज म्हणून मांडला आणि तोवर शिपायांचे पगार तहाने परत मिळालेल्या मद्रासच्या खजिन्यातून दिले. व्यापार चालू असल्याने तो खजिना भरता राहत होता. पुढे या कर्जाचे प्रकरण इतके चिघळले की, कंपनीच्या नोकरांनी आणि खासगी सावकारांनी नबाबाला पुरते धुऊन काढले आणि १७८५ मध्ये एडमंड बर्कला ब्रिटिश संसदेत त्यावर घणाघाती भाषण करावे लागले. नीतीच्या दृष्टीने प्रकार गलिच्छ होता. मात्र युद्धाचा खर्च भागवण्यासाठी तो चालला.

डुप्लेने पॅरिसला खरी स्थिती वेळेवर कळवली नाही, हाही भाग आहे. पत्र जाऊन उत्तर यायला वर्ष-दीड वर्ष लागे, आणि त्यातही पराभवाच्या बातम्या सौम्य करून धाडल्या जात. व्यापारी कंपनीला माल हवा होता आणि मिळत होत्या त्या विजयाच्या बातम्या. ऑगस्ट १७५४ मध्ये कंपनीने पाठवलेला गोदहू पाँडिचेरीला उतरला आणि त्याने डुप्लेला परत पाठवले, याला मी म्हणूनच घोडचूक म्हणत नाही. बुडीत खाते बंद करायला आलेल्या मुनिमाने दुसरे काय करावे? डुप्ले नोव्हेंबर १७६३ मध्ये पॅरिसमध्ये विपन्नावस्थेत वारला, तोवर तो आपण घातलेल्या पैशासाठी कंपनीशी भांडतच होता.

गलबत

धागा आवडला. मात्र पैशाइतकाच, किंबहुना त्याहून मोठा मुद्दा समुद्राचा आहे आणि तो आपल्या लेखात जवळजवळ आलाच नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मद्रास आणि पाँडिचेरी या दोन्ही ठिकाणी त्या काळी बंदर म्हणावे असे काही नव्हते. जहाजे उघड्या समुद्रात नांगर टाकून उभी राहत आणि माणसे, माल, तोफा, सगळे काही काथ्याने शिवलेल्या फळ्यांच्या मसूला होड्यांतून लाटा फोडत किनाऱ्यावर आणावे लागे. खिळे ठोकलेली होडी त्या लाटांच्या माऱ्याने खिळखिळी होई. शिवलेली होडी लवचीक असल्याने तगत असे. ऑक्टोबर उजाडला की ईशान्य मोसमी वारे सुरू होत, वादळे होत, आणि कोणतेही शहाणे आरमार त्या किनाऱ्यावर थांबत नसे. प्रश्न असा की, ते तीन महिने जायचे कुठे? इंग्रजांकडे मुंबई होती. तिथे १७५० मध्ये कोरडी गोदी तयार झाली होती, सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या हाताखाली कुशल सुतार होते आणि मलबारचा साग हाताशी होता. जहाजाचा तळ साफ करून, डोलकाठ्या बदलून इंग्रज आरमार पुढच्या हंगामाला परत येऊ शकत होते. फ्रेंचांना थेट मॉरिशस गाठावे लागे. ते बेट हजारो मैल दूर, आणि आरमार आले की तिथे धान्याचीच टंचाई, कारण रसद मादागास्कर आणि केपहून आणावी लागे.

१७५८–५९ मध्ये फ्रेंच आरमाराचा प्रमुख दाशे आणि इंग्रज आरमाराचा प्रमुख पोकॉक यांच्यात तीन आरमारी लढाया झाल्या. एकीतही कोणाचे आरमार बुडाले नाही. पण प्रत्येक लढाईनंतर पोकॉकला दुरुस्तीची सोय होती आणि दाशेला नव्हती. सप्टेंबर १७५९ मधील तिसऱ्या लढाईनंतर दाशे जो मॉरिशसला गेला, तो पुन्हा या किनाऱ्यावर आला नाही. तेव्हापासून पाँडिचेरीचे भवितव्य ठरल्यासारखेच होते. १ जानेवारी १७६१ रोजी वादळाने पाँडिचेरीसमोरची काही इंग्रज जहाजे बुडाली, समुद्र क्षणभर मोकळा झाला, पण त्या संधीचा फायदा घ्यायला एकही फ्रेंच जहाज जवळपास नव्हते. आठवड्याभरात नाकेबंदी पूर्ववत झाली आणि १६ जानेवारीला शहर पडले. पानिपतच्या लढाईनंतर अवघ्या दोन दिवसांनी.

म्हणून डुप्लेकडे कुबेराचा खजिना असता, तरी तो पाँडिचेरीपर्यंत आणणार कसा, हा प्रश्न उरतोच.

माळावरचा_वाटसरू

गलबत यांच्याशी सहमत. फक्त अर्काटला आपण दोघेही फार स्वस्तात काढत आहात, असे वाटते. २०० गोरे आणि ३०० हिंदी शिपाई घेऊन निघालेल्या सव्वीस वर्षांच्या तरुणाने पडक्या तटाचा किल्ला सुमारे पन्नास दिवस लढवला, हे काही हिशेबाच्या वहीतून होत नाही. त्या वेढ्यामुळे चंदासाहेबाच्या मुलाला, रझासाहेबाला, त्रिचनापल्लीपासून दूर गुंतून पडावे लागले आणि त्रिचनापल्लीच्या वेढ्याची अर्धी धार तिथेच गेली.

गुत्तीचा_किल्लेदार

अर्काटचा विषय निघाला आहे, तर त्या वेळी तिथून काही कोसांवर ६,००० स्वार घेऊन उभ्या असलेल्या गुत्तीच्या मुरारराव घोरपडे या मराठा सरदाराकडेही पाहू. मराठी वाचकाला या सगळ्या प्रकरणात खरा रस वाटावा, असा माणूस तोच आहे.

मुराररावाचे कर्नाटकाशी नाते जुने. १७४० मध्ये रघूजी भोसले आणि फत्तेसिंह भोसले कर्नाटकात उतरले, दमलचेरीच्या घाटात नबाब दोस्तअली मारला गेला, मार्च १७४१ मध्ये त्रिचनापल्ली पडून चंदासाहेब मराठ्यांच्या हाती सापडला आणि किल्ल्यावर मुरारराव बसला. चंदासाहेबाच्या कुटुंबाने पाँडिचेरीत आसरा घेतला होता. ते हवाली करा आणि खंडणी द्या, हे रघूजींचे म्हणणे तेव्हाचा गव्हर्नर द्यूमा याने फेटाळले. रघूजींना पाठवलेल्या भेटीतील फ्रेंच मद्याच्या बाटल्या त्यांच्या पत्नीला इतक्या आवडल्या की त्यातून तंटा मिटला, अशी एक गोष्ट युरोपियन लेखक चवीने सांगतात. मला ती दंतकथेच्या अंगाने जाणारी वाटते. तटावरच्या तोफा आणि किल्ल्यातली तयारी पाहून रघूजींनी मोहीम आवरती घेतली, हे अधिक संभवते.

१७५१ मध्ये म्हैसूरच्या नंजराजाने महंमद अलीच्या मदतीसाठी मुराररावाला पैसे देऊन आणले होते. तो अर्काटपासून दूर छावणी करून स्वस्थ बसला, आणि इंग्रज स्वतः लढतात असे दिसल्यावरच हलला. पुढच्या वर्षी चंदासाहेब शरण आला तो तंजावरच्या मराठी राजाचा सेनापती मानाजी याला, आणि त्याचे डोके उडाले ते तंजावरकरांच्याच छावणीत. त्यानंतर त्रिचनापल्ली म्हैसूरला देण्याचे वचन महंमद अलीने मोडले, तेव्हा नंजराज आणि मुरारराव दोघेही फ्रेंचांच्या बाजूला गेले. इंग्रज लेखकांनी याला फितुरी म्हटले आहे. मला त्यात फितुरी दिसत नाही. गुत्तीच्या संस्थानिकाला डुप्ले आणि महंमद अली यांच्यापैकी कोणाशी निष्ठा असण्याचे कारण काय? तो फौज भाड्याने देत होता आणि भाडे थकले की घोडी वळवत होता.

आता धागालेखकांच्या मुद्द्याला थेट पुष्टी देणारा प्रसंग सांगतो. १७५४ मध्ये मुरारराव कर्नाटकातून परतला, तेव्हा त्याच्या चाकरीबद्दल फ्रेंचांकडे बरीच रक्कम येणे होती आणि तिचा रोखा त्याच्यापाशी होता. १७५६ मध्ये पेशवे आणि निजाम यांच्या फौजा सावनूरला वेढा घालून बसल्या, सावनूरच्या नबाबाबरोबर आत मुरारराव होता आणि बाहेर निजामाच्या बाजूने फ्रेंच सेनानी बुसीच्या तोफा होत्या. मुराररावाने बुसीशी संधान बांधले : तुमच्या कंपनीचा रोखा मी सोडतो, तुम्ही माझी पेशव्यांशी समेटाची वाट करून द्या. तसा समेट झाला. रणांगणात थकलेला पगार दोन वर्षांनी राजकारणात वटवला गेला! पाँडिचेरीच्या कागदाला तोवर याखेरीज दुसरी किंमत उरली नव्हती.

जुने_दप्तर (धागालेखक)

किल्लेदार, सावनूरच्या रोख्याचा प्रसंग इथे मांडल्याबद्दल आभारी आहे. माझ्या लेखातील एका परिच्छेदाचे काम त्याने अधिक चांगले केले.

गलबत यांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, पण तो माझ्या मुद्द्याच्या विरोधात जात नाही. मुंबईची गोदी, पोकॉकचे आरमार, १७५४ मध्ये आलेली ३९ वी पलटण, हे सगळे दर वर्षी खर्च सोसण्याची ऐपत असलेल्या व्यवस्थेचे अवयव आहेत. फ्रान्सचा राजा खंडावर फौजा पोसत होता, त्यामुळे आरमाराच्या वाट्याला उरलेसुरले येत होते. वाटसरूंच्या अर्काटबद्दल एवढेच म्हणेन की, क्लाइव्हचे धाडस खरे आहे; तो तिथे पडला असता, तरी मद्रासने पुढच्या हंगामात दुसरी तुकडी उभी केली असती. डुप्लेला दुसरी तुकडी उभी करणे अर्काटनंतर कठीण झाले आणि जून १७५२ मध्ये श्रीरंगमच्या बेटावर फ्रेंच सेनानी जाक लॉने शस्त्रे खाली ठेवल्यावर तर फारच कठीण.

कुकडीकाठ

या चर्चेत बुसीचा दख्खनमधील कारभार बाजूला पडू नये. कर्नाटकात फ्रेंच हरत होते त्याच वर्षांत औरंगाबाद-हैदराबादेत ते सर्वांत बलवान होते, आणि ते बळ आपल्या पेशव्यांच्या अंगावर आले होते.

फेब्रुवारी १७५१ मध्ये मुजफ्फरजंग वाटेत मारला गेला, तेव्हा बुसीने डगमगून न जाता छावणीत कैदेत असलेल्या सलाबतजंगाला गादीवर बसवले आणि त्याला औरंगाबादेला आणले. त्याच वर्षाच्या अखेरीस निजामाची फौज नगरवरून पुण्याच्या रोखाने निघाली. कुकडीच्या काठी नानासाहेब पेशव्यांचा तळ होता आणि त्या रात्री चंद्रग्रहण होते. छावणीतले लोक स्नान-जपात, अनेक जण शस्त्रांवाचून, आणि अशा वेळी बुसीच्या पलटणींनी छापा घातला. मराठ्यांची मनुष्यहानी फार झाली नाही, कारण लोक घोड्यांवर बसून पांगले. पण पेशव्यांच्या पूजेतली सोन्याची उपकरणी शत्रूच्या हाती लागली आणि त्याचा बोलबाला सगळीकडे झाला. ग्रहणाच्या रात्री छापा घालणे ही युक्ती एखाद्या युरोपियनाला एकट्याने सुचली असेल, असे मला वाटत नाही. निजामाच्या दरबारात पंचांग जाणणारे पुष्कळ होते आणि दिवाण रामदासपंत स्वतः ब्राह्मण होता.

पण पुढे काय झाले? काही दिवसांतच मराठी घोडदळाने निजामाची रसद तोडली. निजामाच्या फौजेचे पगार थकलेले होते, ती कुरकुरू लागली, तिकडे रघूजी भोसले वऱ्हाडात हालचाल करत होते, आणि जानेवारी १७५२ मध्ये शिंगव्याला तह झाला. तीन महिन्यांनी रामदासपंताला पगार न मिळालेल्या शिपायांनी भालकीजवळ ठार केले. तोफा बुसीच्या होत्या, पण शिपायांचे पोट निजामाच्या खजिन्यावर अवलंबून होते आणि तो खजिना रिकामा होता. हा धडा बुसीने चांगला गिरवला. १७५३ मध्ये त्याने सलाबतजंगाकडून श्रीकाकुळम, राजमहेंद्री, एलूर आणि मुस्तफानगर हे चार उत्तर सरकार, म्हणजे आंध्र किनाऱ्यावरचे जिल्हे, फौजेच्या खर्चासाठी तोडून घेतले आणि तिथला वसूल स्वतःच्या माणसांकडे ठेवला. डुप्लेला कर्नाटकात जे जमले नाही, ते बुसीला दख्खनमध्ये जमले : महसूल आणि फौज एका हाताखाली आणणे.

बुसीच्या हाताखाली घडलेल्या गारद्यांत इब्राहिमखान होता, हे सर्वांना ठाऊक आहेच. उदगीरला त्याच्या तोफा मराठ्यांच्या बाजूने चालल्या आणि पानिपतावर तो शेवटपर्यंत उभा राहिला. कर्नाटकात फ्रेंच हरल्याने त्यांची युद्धविद्या संपली नाही, ती मालक बदलत उत्तरेत गेली.

सागवान

थोडे अवांतर वाटेल, पण विजयदुर्गाचा या धाग्याशी थेट संबंध आहे. १७५५ च्या शेवटी क्लाइव्ह मुंबईत आला तो आंग्र्यांसाठी नव्हे. पेशव्यांच्या मदतीने दख्खनमध्ये शिरून बुसीला हुसकावून लावावे, अशी मूळ मसलत होती. परंतु गोदहू आणि मद्रासचा गव्हर्नर साँडर्स यांच्यात तहनामा झाला होता, युरोपात युद्ध जाहीर झालेले नव्हते आणि मुंबईच्या कौन्सिलाने त्या मोहिमेला हात लावला नाही. फौज रिकामी, वॉटसनचे आरमार रिकामे, तेव्हा ते दोन्ही फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर गेले. किल्ल्यासमोर आंग्र्यांचे आरमार जळाले, आणि जी लूट सापडली ती इंग्रज अधिकाऱ्यांनी आपसात वाटून घेतली. पेशव्यांना किल्ला मिळाला तो नंतर, बाणकोट देऊन.

म्हणजे बुसीविरुद्ध जमवलेली फौज कोकणचे आरमार बुडवण्याच्या कामी आली, आणि नानासाहेबांनी तिला साथ दिली. तुळाजी उद्दाम होता, पेशव्यांना जुमानत नव्हता, हे सगळे मान्य करूनही हा व्यवहार मला आतबट्ट्याचा वाटतो. फ्रेंच आणि इंग्रज परस्परांत गुंतलेले असताना आपल्या हाती असलेले एकमेव आरमार मोडायचे, ही कसली दूरदृष्टी?

कुकडीकाठ

सागवान, आरमाराबद्दलची तुमची हळहळ समजते. तरी पेशव्यांच्या जागी उभे राहून पाहा. १७५६ मध्ये त्यांच्या दृष्टीने धोका बुसीचा होता, ज्याने चार वर्षांपूर्वी त्यांच्या छावणीत घुसून पूजेची भांडी नेली होती. मुंबईचे इंग्रज तेव्हा व्यापारी होते. प्लासी व्हायला अजून सोळा महिने होते.

गलबत

आंग्र्यांचे आरमार शाबूत राहिले असते, तर पोकॉकला दर पावसाळ्यानंतर मुंबईला इतक्या निर्धास्तपणे ये-जा करता आली असती का, हाही विचार करण्यासारखा आहे. फ्रेंचांनी पश्चिम किनाऱ्यावर एखादे खोल बंदर मिळवण्याची आस कधी सोडली नाही. १७७७ मध्ये सें-ल्यूबें पुण्यात येऊन नाना फडणिसांकडे चौलचे बंदर मागत होता. नानांनी त्याला मानाने ठेवून घेतले, इंग्रज वकील मॉस्टिनला पुरेसे घाबरवले आणि पुढल्या वर्षी त्याची बोळवण केली. त्या माणसाच्या अधिकारपत्रांत किती दम होता, हे नानांनी ओळखले असावे. इंग्रजांची फ्रेंचांबद्दलची धास्ती मात्र खरी होती. १८०२ च्या वसईच्या तहात पेशव्यांनी इंग्रजांच्या शत्रुराष्ट्रातील युरोपियन नोकरीत ठेवू नयेत, असे कलम त्यांनी घालून घेतले आणि पुढच्या वर्षी शिंद्यांवर चालून जाताना त्यांच्या पदरच्या पेराँ या फ्रेंच सेनानीच्या पलटणींचे निमित्त पुढे केले.

अपवाद म्हणून फ्रेंच आरमारप्रमुख स्यूफ्राँचे नाव घेतले पाहिजे. त्याने १७८२ मध्ये त्रिंकोमाली घेतले, किनाऱ्यालगत राहून इंग्रज आरमाराशी लागोपाठ झुंजी दिल्या आणि दाशेला जे जमले नाही ते करून दाखवले. पण तोवर बंगाल इंग्रजांकडे जाऊन पंचवीस वर्षे झाली होती.

माळावरचा_वाटसरू

एक प्रश्न धागालेखकांना. बुसीने उत्तर सरकारांत महसुलाची घडी बसवली होती, असे कुकडीकाठ म्हणतात. मग पैशाअभावी फ्रेंच हरले, हे १७५८ नंतरच्या काळाला कसे लागू होते? त्या वर्षी आलेला फ्रेंच सेनापती लाली याच्याकडे बुसी होता, त्याच्याकडे मुलूख होता, शिवाय फ्रान्सहून आलेली नवी फौज होती.

जुने_दप्तर (धागालेखक)

वाटसरू, प्रश्न अचूक आहे आणि त्याचे उत्तर लालीच्या पहिल्या पाच महिन्यांत आहे.

लाली २८ एप्रिल १७५८ रोजी पाँडिचेरीला उतरला आणि जूनमध्ये त्याने फोर्ट सेंट डेव्हिड घेतला. पुढची पायरी मद्रास होती. परंतु पाँडिचेरीत पैसा नव्हता आणि मद्रासवर जायला दारूगोळा, बैल, पगार, सगळेच विकत घ्यावे लागणार होते. म्हणून त्याने तंजावरच्या मराठी राजाने, प्रतापसिंहाने, पूर्वी चंदासाहेबाला लिहून दिलेला खंडणीचा जुना रोखा बाहेर काढला आणि तो वसूल करायला फौज नेली. वाटेत नागूर लुटले, कीळवेलूरच्या देवळात खजिना शोधला, तो न सापडल्यावर तिथल्या ब्राह्मणांना हेर ठरवून तोफेच्या तोंडी दिले. ज्या मुलखातून बैल आणि धान्य मिळायचे, तो मुलूख या कृत्यानंतर त्याला पाठमोरा झाला. प्रतापसिंह थोडे देत, थोडे लांबवत राहिला. ऑगस्टच्या आरंभी दाशेचा दुसऱ्यांदा पराभव झाला, इंग्रज आरमार कारैकलपुढे दिसू लागले आणि लाली तंजावरचा वेढा उठवून अर्धपोटी फौजेसह परतला. ते कारैकलही फ्रेंचांना १७३९ मध्ये तंजावरच्या भोसल्यांच्या घरातूनच मिळालेले होते, हे जाता जाता.

आता बुसी. लालीला हैदराबादचे राजकारण म्हणजे डुप्लेच्या काळातला फापटपसारा वाटत होता. त्याने बुसीला बोलावून घेतले आणि उत्तर सरकार कॉन्फ्लाँ नावाच्या अननुभवी अधिकाऱ्याच्या हवाली केले. क्लाइव्हने बंगालमधून कर्नल फोर्डला तिकडे धाडले आणि एप्रिल १७५९ मध्ये मछलीपट्टण इंग्रजांच्या हाती पडले. सलाबतजंगाने लगेच इंग्रजांशी तह केला. फ्रेंचांच्या हाती असलेला, खरोखर पैसा देणारा तेवढा एकच मुलूख होता, आणि तो लालीने स्वतःच्या हुकमाने उघडा टाकला. त्याच वेळी बंगालमधून मद्रासला रोकड आणि माणसे येत होती. डिसेंबर १७५८ ते फेब्रुवारी १७५९ या काळात लालीने मद्रासला घातलेला वेढा इंग्रज जहाजे येताच उठला, हे गलबत यांच्या मुद्द्याला धरून आहेच. त्या वेढ्यातही फ्रेंच शिपायांचे पगार थकलेले होते.

ऑक्टोबर १७५९ मध्ये फ्रेंच फौजेतील गोऱ्या शिपायांनी उघड बंड केले. मागणी एकच होती : थकलेला पगार. पाँडिचेरीतील अधिकाऱ्यांनी आणि रहिवाशांनी घरातले चांदीचे ताट-वाटे आणून दिले, तेव्हा कुठे सहा महिन्यांची बाकी हाती पडून बंडवाले परत रांगेत उभे राहिले. २२ जानेवारी १७६० रोजी वांदिवाशला इंग्रज सेनानी आयर कूटसमोर लाली जी फौज घेऊन उभा राहिला, ती हीच. त्याच्याबरोबर आलेले मराठी स्वार लढाईत पडलेच नाहीत. बुसी त्या दिवशी कैद झाला आणि लाली एक वर्ष पाँडिचेरीत टिकून राहिला.

पॅरिसमध्ये ९ मे १७६६ रोजी राजद्रोहाच्या आरोपावरून त्याचा शिरच्छेद झाला. व्हॉल्टेअरने पुढे त्याच्या बाजूने लेखणी चालवली आणि १७७८ मध्ये तो निकाल रद्द ठरला. तोवर फ्रेंच कंपनीचा व्यापाराचा मक्ताही गेला होता. सरकारने तो १७६९ मध्येच काढून घेतला.